देखाव्यातली चिप आणि पोटापाण्याची वाट

गणपती जवळ आले की आपल्या सीमाभागातील गावोगावची तरुण मंडळे हलत्या देखाव्यांच्या तयारीला लागतात. पूर्वी या देखाव्यांचे मर्म एका लाकडी रुळात असे. मोटरवर रूळ फिरायचा, त्यावर ठोकलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांना तारा टेकायच्या आणि त्या त्या वेळी दिवे लागायचे, देवीचा हात वर जायचा, राक्षस मान टाकायचा. आज त्या रुळाची जागा काड्यापेटीपेक्षा थोड्या मोठ्या अशा एका हिरव्या-निळ्या पट्टीने घेतली आहे. तिच्यावर एक काळी चिप असते. तिचे नाव मायक्रोकंट्रोलर.

बेळगाव तालुक्यातील एका खेड्यात असाच देखावा पाहत होतो. देखावा करणारा मुलगा पदविकेच्या पहिल्या वर्षाला होता. सारे काही झकास होते, पण राक्षसाचे डोळे लुकलुकत असेपर्यंत देवीचा हात जागचा हलत नव्हता. डोळे थांबले की मग हात उठायचा. मुलाला कारण विचारले. तो म्हणाला, "चालतंय हो काका, पण का चालतंय आणि का थांबतंय ते काय कळंना बघा. प्रोग्राम कुणाचा तरी उतरवून घेतलाय. समजावून सांगितलंय सगळं इंग्रजीत." शेजारी उभे असलेले त्याचे वडील म्हणाले, "गणपती होऊ दे, मग हे खूळ बंद. आधी नोकरीचं बघ म्हणावं."

बापलेकांच्या या दोन वाक्यांत आपल्या भागातील शेकडो घरांचा प्रश्न आहे. छंद आहे, हात चालतो, डोके चालते. मात्र समजावून सांगणारे कोणी नाही आणि पुढे पोटाला काही मिळेल याची खात्री नाही. या दोन्ही गोष्टींचा सरळ विचार व्हायला हवा.

ही चिप म्हणजे काय?

मायक्रोकंट्रोलर म्हणजे एकाच चिपमध्ये मावलेला लहानसा संगणक. त्याला पडदा नाही, कळफलक नाही. त्याच्या पायांना तारा जोडायच्या, कोणत्या तारेवर काय दिसले की काय करायचे हे एकदा लिहून आत भरायचे, की वीज असेपर्यंत तो तेच काम इमानेइतबारे करीत राहतो. धुलाई यंत्र, विजेचा मीटर, मोटारसायकल, दूध संकलन केंद्रावरचा वजनकाटा, शेतातला मोबाइलवर चालणारा पंपाचा स्टार्टर या सर्वांत तो बसलेला असतो.

इंटेल कंपनीने १९८० साली ८०५१ ही चिप आणली आणि आपल्याकडील पदविका व पदवीच्या अभ्यासक्रमांत अनेक वर्षे तीच शिकवली गेली. परंतु ती घरी बसून शिकणे सोपे नव्हते. प्रोग्राम भरण्यासाठी वेगळे यंत्र लागे. हे चित्र २००५ नंतर बदलले. त्या वर्षी आर्डुइनो नावाची पट्टी तयार झाली, जी संगणकाला साध्या तारेने जोडून वापरता येते. तिच्या 'उनो' या प्रसिद्ध प्रकारातील चिपमध्ये प्रोग्रामसाठी ३२ किलोबाइट आणि काम करताना लागणारी तात्पुरती स्मृती अवघी २ किलोबाइट असते. आजच्या मोबाइलपुढे हे काहीच नाही, पण पंप चालवायला ते भरपूर आहे. पुढे २०१६ मध्ये वायफायसह ईएसपी-३२ आली, तर २०२१ मध्ये ब्रिटनची रास्पबेरी पाय पिको केवळ ४ डॉलर किमतीत बाजारात आली. आज काही शे रुपयांत शिकण्यापुरती पट्टी मिळते. थोडक्यात, पैशाची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. अडचण उरली आहे ती समजण्याची.

इंग्रजीचा बाऊ

"हे सगळे इंग्रजी माध्यमाच्या मुलांचे काम" अशी आपल्याकडील पालकांची समजूत असते. या धास्तीने कित्येकांनी मुलांना मराठी शाळेतून काढले. ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

आर्डुइनो जन्मली ती इटलीतील इव्रेआ या गावात. हे गाव लोकसंख्येने आपल्या निपाणीहूनही लहान आहे. उनोमधील चिप ज्या एव्हीआर घराण्याची, ते घराणे नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथील दोन विद्यार्थ्यांच्या कल्पनेतून उभे राहिले. ईएसपी-३२ बनविणारी कंपनी चीनमधील शांघायची. यांपैकी एकाही गावाची भाषा इंग्रजी नव्हे. तेथील बहुतेक मंडळी आपल्या भाषेत वाढली आणि इंग्रजी त्यांनी पान्यासारखी वापरली. पाना वापरता आला पाहिजे, पण पान्यात विचार करावा लागत नाही.

या चिपसाठी मुख्यतः सी किंवा तिच्यावर आधारलेली भाषा वापरतात. १९८९ मध्ये प्रमाणित झालेल्या सी भाषेत राखीव शब्द किती? अवघे ३२. इफ, एल्स, फॉर, व्हाइल, रिटर्न असे हे शब्द. आर्डुइनोत त्यांच्या जोडीला आणखी काही दोन डझन आज्ञा नेहमी लागतात. पाढे पाठ करणाऱ्या मुलाला एवढे शब्द जड का जावेत? शिवाय प्रोग्राममध्ये दोन तिरप्या रेघांपुढे जी टीप लिहितात ती चिप वाचतच नाही, ती माणसासाठी असते. ती टीप खुशाल मराठीत, देवनागरीत लिहावी. 'टाकी भरली, पंप बंद कर' असे मराठीत लिहिले म्हणून पंप बंद व्हायचा राहत नाही.

त्या देखाव्याकडेच परत वळू. मुलाच्या प्रोग्राममध्ये डोळे लुकलुकवण्यासाठी 'डिले' ही आज्ञा होती. डिले म्हणजे ठरावीक वेळ नुसते थांबणे. त्याला सांगितले, "हे बघ, आई चुलीवर दूध ठेवते. दूध उतू जाईपर्यंत ती त्याच्याकडे टक लावून बसली तर भाकरी कोण थापणार? तुझी चिप तशी टक लावून बसते. आईने काय करावे? भाकरी थापावी आणि मधूनमधून दुधाकडे नजर टाकावी." चिपमध्ये घड्याळ असते. दर फेरीला ते पाहायचे, डोळ्यांची वेळ झाली असेल तर डोळे बदलायचे, हाताची वेळ झाली असेल तर हात हलवायचा आणि कोठेही अडून बसायचे नाही. दोन मिनिटांत मुलाचा चेहरा उजळला. "आणि कुणी दाराची कडी वाजवली तर?" त्यानेच विचारले. हातातले काम ठेवून दार उघडायचे आणि परत येऊन काम पुढे चालू करायचे. यालाच 'इंटरप्ट' म्हणतात. हा भाग पदवीच्या वर्गातही कित्येकांना चकवतो. तो या मुलाने स्वतःच्या प्रश्नातून गाठला, कारण प्रश्न त्याच्या भाषेत होता.

मात्र याचा अर्थ इंग्रजी नको असा कोणी काढू नये. प्रत्येक चिपची माहितीपुस्तिका, म्हणजे डेटाशीट, शेकडो पानांची आणि इंग्रजीत असते. नोकरीत तिच्यावाचून पान हलत नाही. परंतु कल्पना आधी आपल्या भाषेत पक्की असेल तर त्या पुस्तिकेतील इंग्रजी हळूहळू वाचता येते. कल्पनाच नसेल तर अस्खलित इंग्रजी येऊनही उपयोग होत नाही.

शिकायचे कोठे?

पहिली पायरी घर. पट्टी घेण्याआधीच संगणकावर तिची नक्कल चालवून पाहता येते. टिंकरकॅड आणि वोक्वी या दोन सोयी त्यासाठी आहेत. दोन्हींत फुकट शिकता येते आणि तार चुकली तरी काही जळत नाही. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल उपक्रमात आर्डुइनोसह अनेक विषयांचे छोटे पाठ आहेत आणि त्यांतील अनेक पाठ मराठीसह भारतीय भाषांत ऐकता येतात. सी भाषेची ओळख तेथून करून घ्यावी.

दुसरी पायरी शाळा. केंद्र सरकारच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळांत अटल टिंकरिंग लॅब काढल्या. निवड झालेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. देशात अशा १० हजार शाळा झाल्या आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पुढील ५ वर्षांत आणखी ५० हजार प्रयोगशाळांची घोषणा झाली. आपल्या गावाजवळच्या कोणत्या शाळेला ही प्रयोगशाळा मिळाली आहे आणि ती कुलूपबंद आहे की चालू, याची चौकशी पालकांनी अवश्य करावी.

तिसरी पायरी दहावीनंतरची. आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकचा २ वर्षांचा अभ्यासक्रम असतो. तंत्रनिकेतनात ३ वर्षांची पदविका करून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. बेळगावात अभियांत्रिकीची जुनी महाविद्यालये आहेत आणि विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही १९९८ पासून येथेच आहे. ज्यांना महाराष्ट्रात शिकायचे आहे त्यांच्यासाठी तेथील अभियांत्रिकी प्रवेशात सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांचा उमेदवारीचा वेगळा प्रकार ठेवलेला आहे. त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहून गावाचे व मातृभाषेचे दाखले वेळेत काढून ठेवावेत. ऐनवेळच्या धावपळीत संधी हुकते. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२१ मध्ये प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकविण्यास वाट करून दिल्यावर पिंपरी-चिंचवडमध्ये मराठीतून संगणक अभियांत्रिकीचा वर्गही सुरू झाला, हेही लक्षात असावे.

चौथी पायरी पदवीनंतरची. पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेचा एम्बेडेड सिस्टिम्सचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम या क्षेत्रात वजनदार मानला जातो. सुमारे ६ महिने पूर्णवेळ शिकावे लागते आणि त्यासाठी सी-कॅट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. सी-डॅकनेच वेगा मालिकेतील 'तेजस-३२' ही भारतीय मायक्रोकंट्रोलर चिप आणि तिच्यावरची 'एरीज' ही पट्टी तयार केली आहे. आर्डुइनो येणाऱ्याला ती परकी वाटत नाही. केंद्राच्याच नाइलिट संस्थेतही या विषयाचे लहानमोठे अभ्यासक्रम चालतात.

छंद आणि नोकरी यांतले अंतर

आता त्या वडिलांचा प्रश्न. नोकरी मिळते का? उत्तर असे की छंदाने दार दिसते, पण दार उघडायला आणखी काही लागते.

पुणे आणि बेंगळुरू ही या कामाची दोन मोठी केंद्रे, आणि आपण दोहोंच्या वाटेवर आहोत. वाहनांची, वीज उपकरणांची, वैद्यकीय यंत्रांची नियंत्रणे तेथे तयार होतात. तेथील एम्बेडेड अभियंत्याच्या जागेसाठी बहुतेक कंपन्या पदवी मागतात. केवळ छंदाच्या जोरावर ती जागा मिळेल असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. परंतु एकाच पदवीचे शंभरजण मुलाखतीला बसतात तेव्हा ज्याने स्वतः काही उभे केले आहे आणि ते का बिघडले होते हे जो सांगू शकतो, तो उठून दिसतो. आयटीआय आणि पदविकावाल्यांना जुळणी, तपासणी, दुरुस्ती व देखभाल यांची कामे मिळतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यांत विद्यावेतनावर शिकताही येते. बेळगावचे उद्यमबाग, कोल्हापूरची शिरोली व गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहती, इचलकरंजीचे माग येथे यंत्रे आहेत आणि यंत्र म्हटले की त्याचे नियंत्रण आलेच.

हौशी मुलात उणीव कोणती राहते? टेबलावर चाललेली वस्तू शेतात चालत नाही, हा धडा त्याला मिळालेला नसतो. पंपाचा कॉन्टॅक्टर सुटताना विजेचा जो झटका उसळतो, त्याने शेजारची चिप भांबावून पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. रिलेच्या गुंडाळीवर उलटा डायोड, कॉन्टॅक्टरवर स्नबर, चिपसाठी वेगळा वीजपुरवठा हे उपाय माहीत हवेत. खेड्यात व्होल्टेज वरखाली होते. त्यामुळे प्रोग्राम अडकला तर तो आपोआप पुन्हा सुरू करणारा 'वॉचडॉग' वापरता आला पाहिजे. चिपच्या आतील रजिस्टर, टायमर, दोन चिपांमधली बोलणी करणारे यूआर्ट, आयस्क्वेअरसी, एसपीआय हे मार्ग, मल्टिमीटर आणि ऑसिलोस्कोप यांची सवय, दुसऱ्याला वाचता येईल असा प्रोग्राम लिहिण्याची शिस्त, एवढे आले की छंदाचा कसब होतो. ज्याने गावातल्या टाकीचा पंप एक पावसाळा आणि एक उन्हाळा न बिघडता चालवून दाखवला, त्याने यांतील निम्मे शिकून घेतले असे समजावे.

येथे एक इशारा. घरगुती २३० व्होल्ट आणि पंपाची थ्री फेज वीज जीवघेणी असते. चिपच्या ५ व्होल्टच्या बाजूला मुलाने हवे तेवढे खेळावे. पंपाच्या बाजूची जोडणी परवानाधारक वायरमनच्या हातूनच व्हावी.

आणखी एक इशारा खासगी वर्गांबाबत. 'शंभर टक्के नोकरीची हमी' अशा फलकांना भुलून कर्ज काढून फी भरणारे पालक आपण पाहतो. पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारावेत. प्रत्येक मुलाला स्वतंत्र पट्टी मिळते का? तपासणीची उपकरणे हाताळू देतात का? नोकरीची हमी लेखी देतात का? मागच्या तुकडीतल्या दोघांना भेटवता का? उत्तरे टाळली गेली तर पैसे खिशात ठेवून परत यावे.

गावाने काय करावे?

छंदाला सर्वांत मोठा आधार सोबतीचा असतो. एकटा मुलगा एका चुकलेल्या तारेपायी आठवडा घालवतो. दुसऱ्याची नजर पडली की चूक पाच मिनिटांत सापडते. आपल्या गावोगावी वाचनालये आहेत, तरुण मंडळे आहेत. रविवारी सकाळी दोन तास वाचनालयाचा एक कोपरा या मुलांना द्यावा. मंडळाने देखाव्याच्या वर्गणीतून थोडी रक्कम काढून चार-पाच पट्ट्या, एक मल्टिमीटर, एक सोल्डरिंगची इस्त्री घ्यावी आणि विसर्जनानंतर ती कपाटात न टाकता या मुलांच्या हाती ठेवावी. गावात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे जुने कारागीर असतात. त्यांचा हात आणि मुलांचा प्रोग्राम एकत्र आले तर दोघांचे भले आहे. सुटे भाग पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर मिळतात. चार मुलांनी मिळून एकदम मागवले तर खर्चही वाटला जातो.

प्रत्येक मुलाने एक वही ठेवावी. आज काय जोडले, काय चालले नाही, का चालले नाही, हे मराठीत लिहावे आणि वापरलेल्या संज्ञा इंग्रजीत शेजारी लिहाव्यात. वर्षभरात ती वही म्हणजे त्या गावातील पुढच्या मुलाचे पाठ्यपुस्तक होईल. मुलाखतीत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेही तीतच सापडतील. सोबतीला कन्नड बोलणारा मित्र आला तर त्याला अवश्य सामावून घ्यावे. बेंगळुरू-हुबळीच्या कारखान्यात कन्नड येणे हा आपल्या मुलाचा अधिकचा गुण ठरतो. मराठी पक्की, कन्नड बोलण्यापुरती आणि इंग्रजी वाचण्यापुरती असा तीन भाषांचा मुलगा सीमाभागातच तयार होऊ शकतो.

मराठीचा प्रश्न आपण सभांतून, ठरावांतून, पाट्यांवरून मांडत आलो. तो मांडलाच पाहिजे. परंतु ज्या भाषेत चिपचे काम समजावून सांगता येत नाही त्या भाषेतून मुले हळूहळू निघून जातात, आणि ती परत आणणे कोणत्याही ठरावाला जमत नाही. दुधाची आणि भाकरीची उपमा देऊन जे शिकवता आले, ते शिकवायला सरकारी मंजुरी लागली नव्हती.

त्या मुलाने त्याच रात्री प्रोग्राम बदलला. दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी राक्षसाचे डोळे लुकलुकत होते आणि देवीचा हातही उठत होता. वडील लोकांना दाखवत होते, "बघा, पोरानं केलंय." आम्ही त्यांना एवढेच म्हटले, "दादा, विसर्जन गणपतीचं करा, या पोराच्या छंदाचं नको."